बहीण हे पद नाही

पेल्हॅम्स लँडिंग पोलीस ठाणे, ससेक्स परगणा, डेलावेअर
दिनांक १४ मे, बुधवार

मी, रेजिना अँटोनिना झाविस्लाक, वय ७४ वर्षे, अविवाहित, शिक्षण विल्मिंग्टन येथील कॉन्व्हेंट शाळेत, पूर्वी तेथील एका इस्पितळात टेलिफोन विभागाची पर्यवेक्षिका, आता सेवानिवृत्त, राहणार घर क्रमांक ९, कर्ल्यू कोर्ट, पेल्हॅम्स लँडिंग, समक्ष हजर राहून सांगते की,

मी वरील पत्त्यावर माझी थोरली बहीण लोरेटा हिकमन, वय ७८, विधवा, हिच्यासोबत राहते. तिचा नवरा वारल्यापासून, म्हणजे अकरा वर्षांपासून, आम्ही दोघी एकत्र आहोत. घर तिचे आहे. ती त्यात एकतीस वर्षे राहते. सार्जंट लॉफलंड यांनी तिच्या तब्येतीबद्दल विचारले. तिची तब्येत चांगली आहे. ती स्वतःच्या हाताने जेवते, स्वतःच्या पायाने चालते आणि जपमाळ एकही चूक न करता म्हणते. घरात तिला काही विचारावे लागत नाही. बाहेर विचारावे लागते. तसे पुष्कळांना लागते.

मला येथे बोलावण्याचे कारण असे सांगण्यात आले की, काल मंगळवारी गावच्या मतदानात मी मतपेटीवर बसून राहिले आणि मतदानात अडथळा आणला, अशी गावच्या कारकून मिसेस जोॲन पेपर यांची तक्रार आहे. मी मतपेटीवर बसले होते ही गोष्ट खरी आहे. का बसले होते ते तक्रारीत आलेले नाही, म्हणून ते मी सांगत आहे. माझीही तक्रार आहे. ती सार्जंट साहेबांनी आधी लिहून घ्यायला नकार दिला आणि नंतर, मी खुर्चीवरून उठत नाही असे पाहून, लिहून घ्यायचे कबूल केले.

कर्ल्यू कोर्टमध्ये चाळीसेक घरे आहेत. ही घरे फार पूर्वी चाकांवर आणून येथे ठेवली. चाके केव्हाच गेली. घर ज्याचे त्याचे, खालची जमीन मालकाची, असा तेथला रिवाज आहे. राहणारे बहुतेक म्हातारे आहेत, काहीजण कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला जातात. घरे हलवता येतील असे ज्यांना वाटते त्यांनी येऊन पाहावे. घरे हलवण्याचा धंदा करणारा माणूस आम्ही मार्च महिन्यात बोलावला होता. त्याने आमच्या घराखाली वाकून पाहिले, एक लाकूड बोटाने दाबले, आणि त्याचे बोट आत गेले. "बाई," तो म्हणाला, "हे घर उभं आहे ते सवयीनं."

ही जमीन दोन वर्षांपूर्वी क्लिफर्ड बर्बेज यांनी विकत घेतली. बर्बेज याच गावचे. त्यांचे वडील धक्क्यावर खेकडे विकत आणि वजनात फसवत नसत. बर्बेज यांना कर्ल्यू कोर्टच्या जागी हॉटेल आणि होड्या लावण्याचा मोठा धक्का बांधायचा आहे. त्यासाठी त्या जमिनीवर हॉटेल बांधायला परवानगी असली पाहिजे, आणि ती द्यायची की नाही हे गावाने मतदानाने ठरवायचे होते. बरोबरी झाली तर ठराव पडतो, असा नियम आहे. काल ते मतदान झाले.

आमच्या गावच्या सनदेप्रमाणे गावात राहणाऱ्या प्रत्येक माणसाला एक मत आहे. गावात ज्या कंपनीच्या नावावर जमीन आहे तिलाही एक मत आहे. हे कलम कोणी आणि केव्हा घातले ते मला ठाऊक नाही. किनाऱ्यावरच्या बंगलेवाल्यांसाठी घातले असावे, कारण त्यांचे बंगले कंपन्यांच्या नावावर असतात आणि ते स्वतः जुलै महिना सोडून कोठे असतात ते देवाला ठाऊक.

कंपनी काढायला सगळे जग आमच्या राज्यात येते. येथे कोणी फार विचारत नाही. मालक कोण, राहतो कोठे, करतो काय, याची कोणाला पडलेली नाही. आमच्या राज्यात माणसांपेक्षा कंपन्या जास्त आहेत. मी विल्मिंग्टनमध्ये वाढले, त्यामुळे मला त्याचे नवल वाटत नसे. त्या कधी बसमध्ये जागा अडवत नाहीत आणि चर्चमध्ये खोकत नाहीत, एवढेच आम्हाला माहीत होते. मत द्यायला येतील असे वाटले नव्हते.

बर्बेज यांनी गेल्या हिवाळ्यात आपल्या जमिनीचे तुकडे केले. होड्यांच्या शेडचा एक, गाड्या उभ्या करण्याच्या जागेचे बरेच, रस्त्याकडेच्या पट्टीचे काही. एक तुकडा तर असा आहे की त्यावर फक्त कचऱ्याचा डबा मावतो. प्रत्येक तुकडा त्यांनी वेगळ्या कंपनीच्या नावावर केला. कंपन्यांना माशांची नावे दिली. रॉकफिश, पर्च, क्रोकर, ब्लूफिश अशी ती नावे मतदारयादीत लोकांच्या नावांमध्ये लावलेली आहेत. अशा सत्तावीस कंपन्या आहेत. क्लिफर्ड बर्बेज हे त्यांच्याखेरीज अठ्ठाविसावे.

आमचीही एक कंपनी होती. तिचे नाव कर्ल्यू कोर्ट महिला साहाय्य मंडळ. जुन्या मालकाच्या बायकोने मरताना कपडे धुण्याची खोली आणि तिच्याखालची जमीन वस्तीतल्या बायकांना दिली. ओल्या फरशीवर कोणी घसरून पडले तर न्यायालयातून कोणा एका बाईच्या घरावर टाच येऊ नये म्हणून मंडळाची रीतसर कंपनी करावी, असे लोरेटाच्या मनात आले. तेव्हा मी सुटीला येथे आले होते. "अगं, लोक सातासमुद्रापलीकडून इथं कंपनी काढायला येतात," लोरेटा म्हणाली, "आपण तर इथंच राहतो!" तिने डोव्हरला राज्य कचेरीत फोन केला, कागद पाठवले, आणि सारे इतक्या सहज झाले की तिला त्याची गंमत वाटत राहिली. अध्यक्ष मिसेस युनिस ट्रूइट झाल्या, त्या आता हयात नाहीत. खजिनदार फ्लोरिडाला गेल्या, त्याही हयात नाहीत. चिटणीस लोरेटा.

अशा कंपनीला दरवर्षी पहिल्या मार्चच्या आत डोव्हरला एक कागद भरून पाठवावा लागतो. एवढेच करावे लागते. तो चुकला, आणि चुकतच राहिला, की कंपनी रद्द होते. लोरेटा तो फेब्रुवारी संपण्याआधी पाठवत असे आणि त्या दिवशी पीचचा पाय हा भट्टीत भाजलेला गोड पदार्थ करत असे, बाटलीतल्या पीचचा, कारण फेब्रुवारीत ताजे मिळत नाहीत. गेली दोन वर्षे तो कागद गेला नाही. सार्जंट साहेबांनी विचारले की तो का गेला नाही. त्याचे उत्तर मी देणार नाही. त्यांनी पुन्हा विचारले की त्या दोन वर्षांत पीचचा पाय झाला होता का. झाला होता.

काल सकाळी मी आणि लोरेटा अग्निशमन दलाच्या सभागृहात मतदानाला गेलो. दलाच्या बायकांनी नेहमीप्रमाणे एका बाजूला ऑयस्टरच्या भज्यांचे आणि कोंबडीच्या सूपचे टेबल मांडले होते. आधी मी मत दिले. मग लोरेटा पडद्याआड गेली. तिला वेळ लागला. बाहेर आली तेव्हा ती हसत होती आणि सगळ्यांना "देव भलं करो" म्हणत होती. तिने मतपत्रिकेवर काय केले हे मला माहीत नाही. सार्जंट साहेबांनी विचारले. मत गुप्त असते.

त्यानंतर मंडळाचे मत द्यायला आम्ही मिसेस पेपर यांच्याकडे गेलो. त्यांनी संगणकात पाहिले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिले.

"मिस रेजिना, हे मंडळ रद्द झालेलं दिसतंय."

"ते कपडे धुण्याच्या खोलीत आहे. येऊन पाहा."

"राज्याच्या नोंदीत ते नाही. माझा नाइलाज आहे. जे नाही त्याला मतपत्रिका कशी देऊ?"

मिसेस पेपर वाईट बाई नाहीत. त्यांनी आवाज खाली केला आणि सांगितले की डोव्हरच्या कचेरीला एक कागद पाठवला की रद्द झालेली कंपनी त्याच दिवशी पुन्हा जिवंत होते. त्या कचेरीला तशी ताकीद आहे म्हणे, गिऱ्हाईक थांबता कामा नये. मतदान आठ वाजेपर्यंत आहे. "पळा," त्या म्हणाल्या. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि माझ्यासोबत लोरेटा होती. आम्ही चालत गेलो.

घरी येऊन मी डोव्हरला फोन केला. मी उभा जन्म टेलिफोनवर काढला आहे, यंत्राच्या आवाजाला ओलांडून माणसापर्यंत कसे पोचायचे ते मला कळते. ज्या बाईने फोन घेतला ती तरुण होती आणि सभ्य होती. तिने सांगितले की कागद फॅक्सने पाठवला तरी चालेल, दुपारी पोचला तर ती तासाभरात काम करील. फक्त त्यावर मंडळाच्या पदाधिकाऱ्याची सही हवी.

मी म्हटले, "मी सही करते. मी चिटणीसांची बहीण आहे."

ती म्हणाली, "बहीण हे पद नाही, मॅडम."

ती चुकीचे बोलली असे माझे म्हणणे नाही.

आमच्या शेजारच्या घरात मिसेस ओपल ड्रमंड राहतात. वय ६९, धंदा शिवणकाम. कपडे धुण्याच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांनी ग्रंथालयात जाऊन तो कागद छापून आणला. चुकला तर असू द्यावा म्हणून तीन प्रती आणल्या. आम्ही तिघी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो. मी टेबल पुसले. लोरेटाच्या हातात पेन दिले आणि जेथे सही करायची तेथे बोट ठेवले.

लोरेटा कागदाकडे पाहून खूश झाली. तिने आधी पानाच्या माथ्यावर मधोमध येशू, मारिया आणि योसेफ यांची आद्याक्षरे लिहिली. शाळेत सिस्टर आम्हाला प्रत्येक पानावर ती लिहायला लावत, नाहीतर पान परत मिळत असे. मग तिने माझ्या बोटाशी सही केली. लोरेटा झाविस्लाक. हे आमच्या वडिलांचे नाव. ती पन्नास वर्षांहून जास्त काळ लोरेटा हिकमन आहे. तिच्या प्रत्येक कागदावर हिकमन आहे.

ओपल म्हणाली, "लोरेटा, हनी, तुझं लग्नानंतरचं नाव लिही. हिकमन. वॉल्टर हिकमनची तू कोण?"

"वॉल्टर शाळेत नाही," लोरेटा म्हणाली. "ती मुलींची शाळा आहे."

दुसऱ्या प्रतीवरही तिने पुन्हा माथ्यावर आद्याक्षरे लिहिली, पुन्हा झाविस्लाक लिहिले, आणि यावेळी नावाखाली इयत्ता लिहिली. आठवी. अक्षर सुंदर होते. सही झाल्यावर तिने पेन टेबलावर सरळ ठेवले, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि माझ्याकडे पाहिले. पेपर लिहून झाला की आम्हाला तसे बसायला शिकवले होते.

मी उठून चहाला पाणी ठेवले. त्यात थोडा वेळ गेला. सार्जंट साहेबांनी विचारले, किती. मला माहीत नाही. पाणी आटले होते.

तिसरी प्रत कोरी होती. ती ओपलने माझ्यापुढे सरकवली.

"तू लिही," ओपल म्हणाली.

"मी लोरेटा हिकमन नाही."

"तुम्हा दोघींचं अक्षर एकच आहे. त्याच सिस्टरांनी त्याच पट्टीनं घोटून घेतलंय. डोव्हरला कोण ओळखतंय तिला?"

"मी ओळखते."

"रेजिना, तो तिकडे खुर्ची टाकून बसलाय आणि माशामाशांच्या नावानं सह्या ठोकतोय. तू एकदाच कर. देवानं विचारलं तर सांग, ओपलनं हात धरला होता."

"देवाच्या चौकशीत दुसऱ्याचा हात ही सबब चालत नाही."

"मग देवालाच सांग आम्हाला राहायला जागा बघायला!" ओपल ओरडली. लोरेटा दचकली. ओपलने लगेच तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुला नाही गं, राणी. तुझ्या या संतीण बहिणीला बोलले."

मी सही केली नाही. दुसऱ्याच्या नावाने सही करणे हा गुन्हा आहे, हे सार्जंट साहेब मान्य करतील. माझ्या बहिणीच्या हयातीत, ती समोर बसलेली असताना, तिच्या नावाने मी सही केली असती तर त्याचा अर्थ ती तेथे नाही असा झाला असता. ती तेथे होती. हे वाक्य सार्जंट साहेबांनी गाळावे असे सुचवले. ते गाळू नये.

ओपल तिसरी प्रत घेऊन निघून गेली. तिने तिचे काय केले ते मला माहीत नाही. डोव्हरला काही पोचले नाही एवढे खरे.

मी लोरेटाला आरामखुर्चीत बसवले, दार ओढून घेतले आणि सभागृहात परत गेले. कशासाठी गेले ते मला सांगता येत नाही. माझे मत देऊन झाले होते.

तेथे बर्बेज बसले होते. मतपेटीपासून हातभर अंतरावर त्यांना टेबल दिले होते, टेबलावर अधिकारपत्रांची चवड होती आणि बाजूला भज्यांची बशी. मिसेस पेपर एकेका कंपनीचे नाव पुकारत, ते "हजर" म्हणत, मतपत्रिका घेत, खूण करत, घडी घालत आणि पेटीत टाकत. पडद्याआड जाण्याची तसदी त्यांनी घेतली नाही. मागे माणसांची रांग थांबली होती. त्यात कारखान्याची पाळी संपवून आलेल्या बाया होत्या, त्यांच्या पायात अजून रबरी बूट होते.

मी त्यांना म्हटले, "क्लिफर्ड, कंपन्यांना रांगेत उभं कर. एकीमागे एक. म्हाताऱ्या असतील त्यांना मी खुर्ची देते."

ते हसले. "त्या लाजाळू आहेत, मिस रेजिना. लोकांत येत नाहीत."

"त्यांच्यातली एखादी तरी आजारी आहे का? एखादीला गुडघेदुखी? एखादीला विसरायला होतं?"

"देवाच्या दयेनं सगळ्या ठणठणीत आहेत." मग ते जरा पुढे वाकले आणि म्हणाले, "तुम्हाला कुणी अडवलं होतं का? कुणीही कंपनी काढावी. सकाळी काढली की संध्याकाळी मालक. हे डेलावेअर आहे. तुमच्या मंडळाचा कागद वेळेवर भरला असता तर मीच तुम्हाला दार उघडून आत घेतलं असतं."

मंडळाचे मत गेले हे त्यांना कोणी सांगितले ते मला माहीत नाही. लहान गाव आहे. त्यांनी ते हिणवून म्हटले नाही. हिणवून म्हटले असते तर मी कदाचित घरी गेले असते.

मिसेस पेपर यांनी पुढचे नाव पुकारले. ब्लूफिश. बर्बेज "हजर" म्हणाले. तेव्हा मी मतपेटीवर बसले. पेटी बाकावर ठेवली होती आणि तिच्यावर बसायला फार चढावे लागले नाही. मी हँडबॅग मांडीवर घेतली. मी कोणाला शिवी दिली नाही, हात लावला नाही, आरडाओरडा केला नाही. रांगेतली एक बाई टाळ्या वाजवू लागली. मी तिला थांबायला सांगितले. मी तमाशा करायला बसले नव्हते.

सार्जंट लॉफलंड आले. त्यांनी टोपी काढली.

"मिस रेजिना, उठा बघू."

"माझे गुडघे दुखतात. इथं दुसरी रिकामी खुर्ची नाही."

"ती मतपेटी आहे."

"ते मला माहीत आहे. म्हणूनच तिच्यात काय चाललंय ते मला सोसवत नाही."

"तुम्हाला उचलून न्यावं लागेल हो. माझी आई माझ्याशी बोलायची नाही."

"मग नका उचलू. एकाच माणसानं अठ्ठावीस मतं दिली तर गुन्हा आहे की नाही, एवढं सांगा, मी उठते."

"नाही," सार्जंट म्हणाले. "इथं नाही." ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, तेही येथे लिहावे. मी उठले नाही.

त्यानंतर बर्बेज भजी खात नव्हते. मग दाराशी गलका झाला आणि लोरेटा आत आली. तिने घरातल्या सपाता घातल्या होत्या आणि अंगावर माझा कोट होता. घरापासून सभागृहापर्यंत मोठा रस्ता ओलांडावा लागतो. तो तिने कसा ओलांडला ते कोणाला माहीत नाही. ती सरळ माझ्यापाशी आली. मला वाटले ती मला शोधत आली. तिने मला नीट पाहिले, आणि मोठ्या वर्गातल्या मुली लहान वर्गातल्या मुलींशी बोलतात त्या आवाजात म्हणाली,

"रेजी, ऊठ. लोक थांबलेत. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होता कामा नये."

मी उठले.

मी उठले ते सार्जंट साहेबांच्या सांगण्यावरून नाही, हे स्पष्ट नमूद करावे. मी तिचा हात धरला आणि आम्ही बाजूला झालो. भज्यांच्या टेबलावरच्या बाईने लोरेटाला सूप दिले. लोरेटा ते पीत असताना बर्बेज यांनी उरलेली मते दिली. ब्लूफिश, वीकफिश, फ्लाउंडर आणि आणखी काही. मी प्रत्येक वेळी घडी पेटीत पडलेली ऐकली.

रात्री मोजणी झाली. ठरावाच्या बाजूने ९४, विरुद्ध ९३. मंडळाचे मत असते तर बरोबरी झाली असती आणि ठराव पडला असता. हे गावात सर्वांना माहीत आहे. आज सकाळी कर्ल्यू कोर्टमधून येथे येताना मला वाटेत कोणी भेटले नाही. म्हणजे माणसे होती, पण कोणी भेटले नाही. ओपलने खिडकीचा पडदा ओढलेला होता. तिने माझ्याशी बोलावे अशी माझी तक्रार नाही.

माझी तक्रार अशी आहे. पेल्हॅम्स लँडिंग येथे क्लिफर्ड बर्बेज या एका इसमाने काल सर्व लोकांसमक्ष अठ्ठावीस वेळा मतदान केले. त्यांपैकी सत्तावीस मतदारांना भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, आणि कर्ल्यू कोर्ट पाडले तर त्यांना कोठे जावे असा प्रश्न पडत नाही. सार्जंट साहेबांनी मला समजावून सांगितले की हा गुन्हा होत नाही, सनदेप्रमाणे सर्व रीतसर आहे, आणि गुन्हा झाला असलाच तर तो मतपेटीवर बसण्याचा आहे. तरीही ते लिहून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. कोठेतरी लिहिलेले असावे.

सार्जंट साहेबांनी विचारले की पुन्हा अशी वेळ आली तर तुम्ही त्या कागदावर सही कराल का. त्यांनी हे तपासासाठी विचारले नाही. त्यांच्या आईचे घर कर्ल्यू कोर्टमध्ये तेवीस क्रमांकाला आहे. मी त्यांना म्हटले की ही वेळ पुन्हा येणार नाही. त्यांनी प्रश्न खोडला. तो खोडू नये.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती कोणी विचारलेली नाही. आज सकाळी न्याहारीच्या वेळी लोरेटाने मला विचारले, "रेजी, कालच्या मतदानाचं काय झालं?" मी सांगितले, "जिंकलो." ती म्हणाली, "बरं झालं. ओपलला फार काळजी होती." मग तिने अंडे संपवले आणि पुन्हा विचारले, मतदानाचे काय झाले. मी येथे यायला निघेपर्यंत तिने चार वेळा विचारले आणि चारही वेळा मी जिंकलो असेच सांगितले. हे खोटे आहे. मी ते समजून उमजून सांगितले, आज घरी गेल्यावर पुन्हा सांगणार आहे, आणि घर पाडायला माणसे येतील त्या दिवशीही सांगणार आहे.

वरील मजकूर सार्जंट डॅरिल लॉफलंड यांनी टंकलिखित करून मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी ते थांबले, तेथे पुढचे मी वाचले. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, त्यातले काही मला मागे घ्यायचे नाही, आणि खालची सही माझी स्वतःची आहे.

(सही) रेजिना अँटोनिना झाविस्लाक

समक्ष : सार्जंट डॅरिल लॉफलंड, पेल्हॅम्स लँडिंग पोलीस ठाणे